उसाचा मल्चिंग पेपर

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीची पत्रकं लिहायचे आणि छापायला देण्याआधी आईला वाचून दाखवायचे. ती जिथं अडेल ते वाक्य बदलायचं, हा नियम. प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर मी तो विसरले.

उसाच्या चिपाडातून साखर सोडवायची, तिच्यापासून एक रसायन बनवायचं आणि त्याचे रेणू साखळीसारखे जोडून पॉलिएस्टर तयार करायचं, हे आमचं काम. खनिज तेलाला हात लावायचा नाही. त्याच पॉलिएस्टरचा मल्चिंग पेपर, म्हणजे तण रोखायला वाफ्यांवर अंथरायचा पातळ कागद, आम्ही चाचणीसाठी शेतात दिला. सोबतचं पत्रक मी लिहिलं: ‘परदेशी तेल नको, आपला ऊस हवा!’ साहेब खूश झाले. मीही.

घनसावंगीजवळच्या एका मावशींनी तो मिरचीच्या वाफ्यांवर अंथरला होता. मिरची संपल्यावर मी फोन केला, पेपर गोळा करायला कधी येऊ?

“गोळा कशाला? पाचट कधी गोळा करतो का आम्ही? ट्रॅक्टर येऊनच राह्यला, रोटर मारून मातीत घालते.”

पाचट उसाचं, ते रानात कुजतं. पेपरही उसाचा. मावशींचा हिशोब बरोबर होता. पण हा पेपर कुजणारा नव्हता. उसापासून केलं तरी ते प्लास्टिकच, आणि पत्रकात मी हे कुठंच लिहिलं नव्हतं. “थांबा” म्हणेपर्यंत फोन कटला, पुन्हा लागलाच नाही.

नव्या जालन्यातून जीप पकडली. सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना.

पोचले तेव्हा चार वाफ्यांवर रोटर फिरून झाला होता. मी हात हलवत ट्रॅक्टरसमोर धावले.

“अगं मरशील ना, बाई!” मावशी ओरडल्या.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मातीतून बोटभर तुकडा उचलून ताणून पाहिला.

“म्हंजे ह्यो सडत न्हाई?”

“नाही, मावशी.”

“मंग तेवढं लिहायला काय झाल्तं? नारा लिहायला बरी जागा व्हती कागदावर!”

त्यांनी खताची रिकामी गोणी माझ्यापुढं टाकली आणि स्वतःही खाली बसल्या. उरलेले वाफे वाचले. त्या चार वाफ्यांत मात्र दिवस मावळेपर्यंत वेचलं, तरी ढेकूळ फोडलं की आतून आणखी एक तुकडा निघतच होता.