कचरू मिस्त्रींनी काढलेलं बारावं लॉक

शहागंजात कचरू हिवराळ्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. तीस वर्षं त्यांनी सायकलींची पंक्चरं काढली आणि पन्नाशी उलटल्यावर बॅटरीवरच्या गाड्या शिकून घेतल्या. तेही कुणाच्या हाताखाली न राबता. भंगारातून एक बंद गाडी आणली, वायर न् वायर सोडवली, पुन्हा जोडली. ती चालू झाली त्या दिवशी समोरच्या अत्तरवाल्यानं स्वतः चहा मागवला होता.

या गाड्यांना लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, कारण ताशी पंचवीसच्या वर त्यांनी पळूच नये असं कुलूप आतच असतं. गिऱ्हाइकाला नेमकं ते नको असतं. "मिस्त्री, तेवढं लॉक काढा," म्हणत लोक यायचे. मिस्त्री आधी नाही म्हणायचे. मग गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जायचं, लॉक काढून घ्यायचं आणि पुन्हा पंक्चरलाही इकडं फिरकायचं नाही. शेवटी मिस्त्रीही काढायला लागले. नुसतं लॉक काढून भागत नसे. मोटरला करंट देणारा कंट्रोलर मोठा टाकावा लागे, मग गाडी जास्त करंट ओढे आणि जास्त करंट आला की तो तोडणारी एमसीबी सारखी पडे. ती पडू नये म्हणून मिस्त्री तिला वगळून वायर सरळ जोडून देत. अशा बारा गाड्या झाल्या.

बारावी बन्सीची. तो खुलताबादचा, शहरात पेरू विकायला येणारा. त्याच्या आईचं, कडूबाईचं, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती शहरातच लेकीकडं राहिली होती. "बारा वाजता आईला घेऊन निघतो. डबलसीट असली की चढावर गाडी मरते, मिस्त्री. काहीतरी करा," म्हणाला. मिस्त्रींनी सकाळी सकाळी गाडी करून दिली.

मग दुकान बंद करून ते पालिकेच्या हॉलवर गेले. ई-बाइक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकानं सुरक्षेच्या वर्गाला यायचं, अशी नोटीस होती. शिकवायला आरटीओचे निरीक्षक इंद्रजीत देशमाने होते. तासभर ते ब्रेक, टायर, चार्जर यांवर बोलले. नंतर त्यांनी पोत्यातून एक काळा, फुगलेला डबा काढून टेबलावर ठेवला.

"ही बॅटरी होती. कंट्रोलर बदललेला, एमसीबी वगळलेली. दोन माणसं बसलेली, रस्ता चढाचा. वायर तापून वितळली आणि ही पेटली, सीटच्या खाली. मागं बसलेली बाई अजून दवाखान्यात आहे."

मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा.

ते बाहेर आले. बन्सीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना बन्सी फोन उचलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याजवळ स्वतःची सायकल होती आणि खुलताबाद पंचवीस किलोमीटर. हॉलच्या दारात सरकारी जीप उभी होती.

ते परत आत गेले, सरळ टेबलापाशी.

"साहेब, अशीच एक गाडी मी आज सकाळी केली. आता ती खुलताबादच्या रस्त्याला असंल. मागं म्हातारी बाई आहे."

हॉलमध्ये चाळीसेक मिस्त्री बसले होते. देशमान्यांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना? मला हे लिहून घ्यावं लागेल."

"लिहा. आधी जीप काढा."

जीप नगरनाक्यावरून सुटली. मिस्त्री फोन लावत होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या अरुंद दरवाजात एक बस आणि एक ट्रक समोरासमोर येऊन अडकले होते, दोन्हीकडं गाड्या तुंबलेल्या. दुचाक्या मात्र कडेकडेनं निघत होत्या. बन्सीही असाच निघाला असणार. देशमाने खाली उतरून बसवाल्याला मागं घ्यायला सांगत राहिले. तिथं सात मिनिटं गेली.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्यांना गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावलेली. डोळ्यावर काळा चष्मा लावून कडूबाई दगडावर बसली होती आणि बन्सी सीट उचलायला वाकला होता.

"बन्सी, हात लावू नको. मागं हो," मिस्त्री जीप थांबायच्या आतच ओरडले.

"आई म्हनली खालून चटका लागतोय, म्हनून..."

"मागं हो म्हणतो ना."

सीटच्या फटीतून पांढरा धूर येत होता. मिस्त्रींनी बन्सीचा दंड धरून त्याला ओढलं. देशमान्यांनी कडूबाईला उठवून जीपच्या मागं नेलं आणि दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली. फटाका फुटावा तसा आवाज झाला. मग सुरसुर करत जाळ वर आला. सीट, हँडल, पेरूची रिकामी क्रेट, सगळं त्यात गेलं. जवळ जायची सोय नव्हती. घाटात उभी राहिलेली माणसं मोबाइल वर धरून बघत होती.

कडूबाईला फक्त धग लागत होती. "काय पेटलं रे?" तिनं विचारलं.

थोड्या वेळानं बन्सी मिस्त्रींकडं वळला. "तुमाला ठावं होतं का हे असं व्हतंय?"

"पेटंल असं ठावं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. मग खालच्या आवाजात, "एमसीबी कशाला असते, ते ठावं होतं."

बन्सी त्यानंतर त्यांच्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं तेव्हा त्यानं देशमान्यांना सांगितलं, "मीच मागं लागलो होतो, साहेब. तेबी लिहा."

मिस्त्रींवर केस झाली, दुकान दोन महिने बंद राहिलं. त्या दोन महिन्यांत ते बाकीच्या अकरा जणांच्या घरी सायकलवरून गेले आणि गाडी होती तशी करून देतो म्हणाले. आठ जणांनी करून घेतली. एकानं दार लावून घेतलं. शेंद्र्याला कंपनीत जाणारा एक जण म्हणाला, "पंचवीसनं गेलो तर माझी पाळी चुकते." तिसऱ्यानं त्यांना हसून चहा दिला आणि विषय बदलला. तिघांची नावं मिस्त्रींनी देशमान्यांना दिली. त्यावरून गल्लीत त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं.

दुकान आता पुन्हा चालू आहे, गिऱ्हाईक कमी आहे. त्या तिघांतली एक गाडी अजून देशमान्यांच्या हाती लागलेली नाही; तिला नंबरही नाही. संध्याकाळच्या गर्दीत ती कधी दुकानासमोरून सण्णकन जाते. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवतात, फळीवरून उतरून रस्त्यावर येतात आणि मागच्या सीटवर कोण बसलंय ते बघतात.