सुईचा कौल

आमच्या सर्वण गावात इन्हेलरला पंप म्हणतात. एखादी बाई ‘पंपार गेली’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आणि पुढचं काही विचारत नाही. मी कित्येक वर्षं पंपावर होते आणि तरी डिचोलीच्या शाळेत मराठीचं व्याकरण शिकवत होते. काही लोकांना हा माझा आगाऊपणाच वाटत असावा.

दम्याचं एक दुःख डॉक्टर विचारत नाहीत. दमेकऱ्याला भांडता येत नाही. मी वाक्य सुरू करायचे, अर्ध्यावर छाती वाजायला लागायची, खोकल्याची उबळ यायची आणि समोरचा ‘बरं, मग ठरलं’ म्हणून उठायचा. सासरचे निम्मे निर्णय असे माझ्या खोकल्याने मंजूर झालेले आहेत.

याचा सगळ्यात जास्त फायदा घेतला तो माझ्या थोरल्या नणंदेने. वन्संचं घर शेजारीच. त्यांच्या यजमानांचे खनिजाचे ट्रक होते. त्या तांबड्या धुळीबद्दल कुणी ब्र काढला की वन्सं म्हणायच्या, “धुल्ल सगळ्यांनीच खाल्ली. आमकां जालो काय दमो?” पुढे तपासणीत माझी अ‍ॅलर्जी गाद्या-उशांतल्या सूक्ष्म किड्यांची निघाली, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते त्यांनी बाकी ठेवले. माझ्या छातीत काय चाललंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

दोनदा मला ऑक्सिजनवर ठेवायची पाळी आल्यावर म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, “आता इंजेक्शन सुरू करू. रक्तातली पातळी आणि वजन बघून डोस ठरेल. दर महिन्याला यायचं. पंप मात्र सोडायचा नाही.” मला ते हवं होतं. पुढचा झटका कसा जाईल याची मला भीती वाटत होती. डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिली.

“आतां सुई? म्हणजे सोपलेंच!” वन्सं म्हणाल्या, जणू मी संपलेच. “देवाक विचारल्याबगर कांय करूं नाका.” नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. अवघड प्रसंगी तो नेहमी पंख्याकडेच बघतो.

रविवारी आम्ही देवळात गेलो. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. वन्संनी हात जोडून विचारलं, “हिणें सुई घेवची न्हय, खरें मू?” म्हणजे, घ्यायची नाही, खरं ना? पुजाऱ्याने नेहमीप्रमाणे तो प्रश्न स्वतःच्या शब्दांत देवापुढे ठेवला, “ह्या लेकरान सुई घेवची? घेवची तर उजवी दी.”

उजवी पडली.

वन्सं खूश. पुजारीही खूश. मग दोघांच्या लक्षात आलं की आपण वेगवेगळ्या गोष्टींवर खूश आहोत. पुजारी म्हणाला, देव घे म्हणतो. वन्सं म्हणाल्या, “हांवें विचारलें तें न्हय!” नकारार्थी प्रश्नाला होकार आला तर अर्थ काय होतो, हे मी आठवीच्या मुलांना दरवर्षी शिकवते, आणि इथे माझ्या जिवाचा निकाल त्याच्यावर अडला होता. देवाला मी दोष देत नाही. असला प्रश्न विचारल्यावर तो तरी काय करणार!

गाडीत मी सांगायला तोंड उघडलं आणि खोकला आला. “बरें, मग फुडल्या आयताराक परत विचारूं,” वन्सं म्हणाल्या. नवरा गाडी चालवत होता, त्यामुळे पंखा नव्हता. त्याने आरशात बघितलं. ठरलं.

सोमवारी शाळेत रजेचा निरोप देऊन मी बसने म्हापशाला गेले. नर्सने दंडात सुई टोचली, आणि काही त्रास होतो का ते बघायला मला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. ज्याच्यासाठी देवाला उठवलं होतं ते एवढंच होतं. घरी आल्यावर वन्सं माझ्याशी बोलेनात. ती शांतता मला फार आवडली.

गुण यायला काही महिने लागले. गणपतीच्या चवथीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. कुणीतरी म्हणालं, वयनी बरी दिसते हो आता. लगेच वन्सं पुढे सरसावल्या. “हांवेंच देवाक विचारलें. उजवी पाकळी पडली, म्हणून हिका सुई दिली.”

मी हातातलं ताट खाली ठेवलं. वन्संनी देवाला नेमकं काय विचारलं होतं, ते मी त्यांच्याच शब्दांत सगळ्यांना सांगितलं. होकार कशाला होता ते सांगितलं. त्यांचं ऐकून पुढच्या रविवारपर्यंत थांबले असते आणि मध्येच झटका आला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं. आवाज वर चढत गेला, आणि मी चढू दिला.

मग मी थांबले. नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. सगळे माझ्या खोकल्याची वाट बघत होते. मीसुद्धा.

तो आला नाही. मी पुढचं वाक्य सुरू केलं.