दोन बोटं माया
अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आजार मला पहिल्यांदा दिसला तो शर्टाच्या बाहीत. हात मागे वळेना, बाहीत शिरेना. चाळीस वर्षं बंगळूरच्या शिवाजीनगरात शिलाईचं दुकान चालवलेला माणूस, शर्टही स्वतःच शिवलेला. म्हणाले, "बाहीचा मुंढा चुकलाय." अण्णांनी जन्मात कबूल केलेली ही एकमेव चूक, आणि तीसुद्धा न केलेली.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. हात थरथरतील, हे मी ऐकून होते. अंग असं खळ घातलेल्या कापडासारखं कडक होईल, मान वळवायची तर सगळा माणूस वळेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकान बंद करून मी त्यांना सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. दारापाशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे झुके आणि पाय मागेच. महिन्यात दोनदा पडले. मी आपली "सावकाश, सावकाश" ओरडत राहायची. त्याचा उपयोग शून्य.

त्यांची एकच अट होती. बाथरूमला एकट्याने जाऊ दे, अक्का, बाकी म्हणशील ते ऐकतो.

व्यायाम शिकवायला के. आर. पुरमहून एक बाई यायच्या. त्यांनी कन्नडमध्ये समजावलं, की पलंगापासून बाथरूमपर्यंत फरशीवर आडव्या रेघा काढा, दोन रेघांत मोठं पाऊल मावलं पाहिजे. आपणहून न उचलणारा पाय रेघ ओलांडायला उचलतो. अंतर मात्र कमी करायचं नाही. पाऊल पोचेनासं झालं तर मला फोन करा.

चिकटपट्टी आणायला निघाले तर अण्णांनी थांबवलं. त्यांच्या डब्यातला शिलाईचा खडू काढायला लावला. मी गुडघ्यांवर, ते पलंगावरून अर्ध्या कन्नडात हुकूम सोडताहेत, "स्वल्प पुढे, थोडं. सरी, बरोबर, तिथंच." आणि अण्णा चालले. एकेक रेघ ओलांडत, कुणाचा हात न धरता. स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले.

खडू पुसला जायचा, दर रविवारी मी रेघा नव्याने काढायची. काही महिन्यांनी पाऊल रेघेच्या अलीकडेच पडायला लागलं. अण्णांचा चेहरा पडायचा. ते मला बघवेना.

कपडा शिवताना शिवणीत थोडं जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं. अण्णांचा नियमच होता, दोन बोटं माया ठेवावी. मीही तेच केलं. रेघ दोन बोटं अलीकडे घेतली. पाऊल पोचलं, ते खूश झाले. पुढच्या रविवारी आणखी दोन बोटं. त्या बाईंना फोन केला नाही. त्या यायच्या त्या दिवशी फरशी पुसून ठेवायची आणि खडू संपला म्हणायची. अण्णांच्या प्रेमापोटी केलं म्हणावं, तर धीर सुटला होता तो माझा.

पावलं आखूड होत होत नुसती फरफट उरली. एका सकाळी मी शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना अंग पायांच्या पुढे गेलं आणि अण्णा रेघांच्या मधोमध पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता उभं राहण्याची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आता सगळं पलंगावर. ज्या एका गोष्टीसाठी हट्ट होता तीही. हात अजिबात वळत नाहीत म्हणून त्यांचे शर्ट मी पाठीत उभे उसवले आणि नाड्या लावल्या. मागच्या आठवड्यात नाडी बांधता बांधता मला राहवलं नाही. रेघांचं सगळं सांगून टाकलं.

त्यांचा आवाज आता फार बारीक झालाय. कान तोंडाशी न्यावा लागतो.

"ठाऊक होतं. माप नजरेत असतं माझ्या."

मग का नाही बोललात, मी विचारलं. ते एवढंच म्हणाले,

"माया मापाच्या बाहेर सोडायची असते, अक्का. तू मापातूनच घेतलीस."

मी नाडी बांधून घेतली. गाठ पाठीखाली रुतू नये म्हणून बाजूला सरकवली.