गुंड्या क्लासला कधी जाणार?

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या घाटकोपरच्या चाळीत नव्याने सांगायला नको. पण द्रौपदी वहिनीने एकदा माझंही तोंड बंद केलं, आणि तेही एका कुत्र्याच्या पिल्लापायी.

वहिनी आमच्या शेजारच्या खोलीतली. माहेर देवगडकडचं. लग्न होऊन इथे आली ती इथलीच झाली. नवरा, दत्तारामदादा, भांडुपला एका कारखान्यात फिटर होते. पोरबाळ नाही. दादा तिथेच अपघातात गेल्यावर ती शिंप्याकडून शर्ट आणून काज-बटणं करायची, दिवसभर दाराशी बसून, मान खाली घालून. हाक मारली तर 'हूं' म्हणायची, बस्स. अशा बाईच्या दारात एक तपकिरी पिल्लू आलं, त्याने बटणांच्या डब्यात तोंड घातलं आणि ते राहिलंच. नाव ठेवलं गुंड्या. मग शेजारून आवाज यायला लागला, "गुंड्या, मेल्या, सोड ती चप्पल!" भिंतीपलीकडे ती पुन्हा कुणाला तरी ओरडतेय, हे ऐकून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण गुंड्या एक नंबरचा आगाऊ. दूधवाल्याच्या पायांत घुसायचा, वाळत घातलेले टॉवेल ओढायचा. एक दिवस तो जिन्यात मध्येच आडवा आला आणि चाळीचे सेक्रेटरी दशरथ राणे यांची आई घसरली. कठडा हाताला लागला म्हणून म्हातारी वाचली. दशरथभावजींनी सरळ सांगितलं, "वहिनी, गणपतीच्या आत याला वळण लावा. नाहीतर मी कुत्री धरणारी गाडी बोलावतो." त्यांचं तरी काय चुकलं? आई त्यांची होती.

वळण लावायचं तर नानांकडे. नाना मिलिटरीत कुत्री सांभाळून रिटायर झालेले. पाइपलाइनपलीकडच्या मैदानात रविवारी सकाळी क्लास घ्यायचे. बंगल्यांतली धिप्पाड अल्सेशियन यायची, त्यांत आमचं हे उंदराएवढं ध्यान! वहिनी आणि मी विचारायला गेलो. चाळीत तर ज्याचं त्याचं मत. कुणी म्हणे दुधाचे दात पडू देत, कुणी म्हणे पावसाळा जाऊ दे. नाना म्हणाले, "वयाचं काय घेऊन बसलात? तो खात असताना हाक मारा, खाणं अर्धं टाकून तुमच्याकडे येतो का ते बघा. ज्या दिवशी येईल, त्याच्या पुढच्या रविवारी आणा. आधी आणलंत तर घाबरेल आणि जन्माचा बिथरेल."

सोपं काम. मी वहिनीला रोज विचारायचे, "काय गं, मारलीस हाक?" आणि ही म्हणायची, "उद्या बघते." पुढे "अजून लहान आहे गो तो." मग "त्याचा दात हलतोय." गणपती तोंडावर आले तरी हिचं उद्याच चाललेलं! शेवटी माझं डोकं सटकलं. दुपारी गुंड्या ताटलीत तोंड खुपसून भात-माशाचं कालवण चापत होता. मी दारातून ओरडले, "गुंड्या, ये रे—" तेवढ्यात वहिनीने धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला.

"जेवत्याला उठवू नको, शेवंते!"

मग ती खाली बसली आणि बोलली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दादा गेले, त्या दिवशी ते सुट्टीवर होते. बांगड्याचं कालवण केलं होतं. दोन घास खाल्ले असतील, तोच कारखान्याचा माणूस दारात आला. मशीन अडलंय, आत्ताच्या आत्ता चला म्हणाला. "ते माझ्या तोंडाकडे बघत होते. जेवून येतो म्हणायचं त्यांच्या मनात होतं गो. मीच म्हटलं, जाऊन या, ताट झाकून ठेवते. माणूस खोळंबलाय ना दारात." तिने डोळे पुसले. "दुसऱ्या दिवशीपर्यंत झाकलेलं होतं ते ताट."

मला रडू आलं आणि रागही आला, त्या कारखान्याच्या माणसाचा. कुत्रा शिकला नाही तर जाणार, आणि शिकवायचा तर त्याला जेवणावरून उठवायचा. वहिनीला ते या जन्मात जमलं नसतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी शिंप्याकडचे शर्ट घेऊन तिच्याकडे गेले, तर ती नुकती जेवायला बसली होती. शेजारी गुंड्याची ताटली. तेवढ्यात दशरथभावजी दारात आले. "वहिनी, गाडी खाली उभी आहे. कुत्रा द्या, आत्ताच्या आत्ता. लोक खोळंबलेत."

वहिनी सवयीने उठली. दारात कुणी खोळंबलं की उठायचं, एवढंच तिला ठाऊक. उष्ट्या हाताने ती दाराकडे चालायला लागली. आणि मी बघितलं, गुंड्याने ताटलीतून तोंड काढलं. तुकडा तसाच पडलेला. मागे न बघता तो तुरुतुरु तिच्यामागे आला आणि तिच्या पायाशी बसला. कुणी हाक मारली नव्हती.

"वहिनी!" मी किंचाळलेच. "आला की गं! खाणं टाकून आला!"

तिने खाली बघितलं. मग ताटलीकडे. मग स्वतःच्या भरल्या ताटाकडे. भावजी म्हणाले, "वहिनी, लवकर."

वहिनीने गुंड्याला डाव्या हाताने उचललं. "रविवारी हा नानांच्या क्लासला जाणार," ती म्हणाली. आवाज असा, की मी तिचा कधी ऐकला नव्हता. "गाडी परत पाठवा, भावजी. काय बोलायचं असेल ते नंतर. आत्ता आम्ही जेवतोय."

भावजी गाडी परत पाठवायला खाली उतरले. तिने गुंड्याला ताटलीपुढे ठेवलं, स्वतः पाटावर बसली, आणि दोघं पोटभर जेवली.