सईच्या आई, उभ्या राहा

लीलाताई गेल्याची बातमी मला माझ्या मुलीकडून कळली. दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, पहिला फोन पुण्याला सईला केला. तिनं तो वसतिगृहाच्या जिन्यात उभं राहून ऐकला आणि मग मला केला. मी नाशिकला वर्तमानपत्राच्या कार्यालयात सकाळच्या बैठकीत होते. "आई, माई गेली," एवढंच ती म्हणाली. छाटणी चालू असताना बागेत ताईच्या छातीत दुखायला लागलं आणि निफाडच्या दवाखान्यापर्यंत ती पोहोचलीच नाही, हा तपशील नंतर आला. मी तिची सख्खी बहीण, माहेरचं उरलेलं एकमेव माणूस. तरी घरात काही घडलं की आधी सईला कळवायचं ही दाजींची सवय होती, आणि त्या दिवशीही ती मोडली नाही. बातमी दुसऱ्यांदा हाती येते तेव्हा काय वाटतं, हे माझ्या धंद्यातल्या कुणाला सांगावं लागत नाही.

सई पहिलीत जायच्या वयाची झाली तेव्हा मला रात्रपाळी होती आणि नवरा सातपूरच्या कारखान्यात आलटून-पालटून पाळ्या करत होता. ताईला मूल नव्हतं. "वर्षभर ऱ्हाऊ दे माझ्याकडं. तुमचं बस्तान बसलं की घेऊन जा," ती म्हणाली. तिचं गाव निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागांच्या मधोमध. जिल्हा परिषदेची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. वर्षाची दोन वर्षं झाली, मग कुणी मोजेना. माझी साप्ताहिक सुटी मंगळवारी असायची. मी सकाळच्या बसनं जाऊन ओट्यावर शाळा सुटायची वाट पाहत बसायचे. सई धावत यायची, दप्तर ताईच्या हातात द्यायची, आणि मग माझ्याकडे वळून मला मिठी मारायची. मिठी घट्ट असायची. पण दप्तर आधी ताईकडे जायचं. मी नेलेले फ्रॉक बहुतेक वेळा आखूड निघायचे. "असू दे गं, खालून सोडते. बसंल," असं म्हणत ताई सुई-दोरा काढायची, आणि तिच्या त्या समजूतदारपणाचा मला फ्रॉक आखूड निघाल्यापेक्षा जास्त राग यायचा.

सई तिला माई म्हणायची आणि मला आई. गावानं मात्र हा फरक कधी पाळला नाही. गावात ताई 'सईची आई' होती. दूधवाल्यासाठी, दुकानदारासाठी, शाळेतल्या गुरुजींसाठीसुद्धा. शाळा व्यवस्थापन समिती निवडायची पालक सभा भरली तेव्हा कुणीतरी तिचं नाव सुचवलं आणि मुख्याध्यापक म्हणाले, "सईच्या आई, उभ्या राहा." ताई उभी राहिली. तिथल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. सभेच्या इतिवृत्तात ती सईची आई म्हणून, माता-पालक म्हणून नोंदली गेली आणि पुढं समितीची अध्यक्ष झाली. हे सगळं तिनंच मला हसत हसत सांगितलं. मीही हसले असेन. पण त्या वाक्यातलं 'उभी राहिली' हे क्रियापद मी बरेच दिवस घोळवत होते.

गावच्या उपसरपंचांना सगळे नाना म्हणत. द्राक्षांच्या हंगामात त्यांच्या मालाच्या गाड्या शाळेच्या मैदानावर लागायच्या. क्रेट तिथंच उतरायचे, तिथंच भरायचे, आणि दोन-तीन महिने मुलं व्हरांड्यात खेळायची. एकदा मागं घेताना एका टेम्पोनं एका मुलाच्या पायाला धक्का दिला. मूल वाचलं, पण ताईनं समितीत ठराव केला आणि फाटकाला कुलूप घातलं. किल्ली ती कमरेला खोचून फिरायची. नाना घरी आले तेव्हा मी तिथंच होते.

"लीलावहिनी, मैदान काय पळून चाललंय का? दोन महिन्यांचा तर प्रश्न हाय."

"मैदान नाय पळत, नाना. पोरं पळत्यात. त्यांनाच जागा पायजे."

"लय पुढारीण झालात. पण ज्या पोरीच्या जिवावर झालात ती तुमची हाय का?"

ताईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. मी तिची बाजू घेतली नाही. नानांचा प्रश्न मला पटला होता.

पंधरवड्याच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार गेली: या बाई मुलीची आई नाहीत, आई असल्याचं भासवून त्यांनी पद मिळवलं, सबब त्यांचं सदस्यत्व रद्द करावं. नोंद तर तशीच होती. सदस्यत्व रद्द झालं, कुलूप निघालं आणि गाड्या परत मैदानावर आल्या. ताईनं जिल्हा परिषदेत अपील केलं. निफाडच्या एका तरुण वकीलबाईंनी तिचं काम घेतलं. कायदा त्यांच्या बाजूनं नेमका होता: पालक म्हणजे केवळ जन्मदाते नव्हेत, मुलाची देखभाल आणि ताबा ज्याच्याकडे आहे तोही पालकच. तेव्हा 'आई' ही नोंद चुकीची असली तरी ताई पालक ठरू शकत होती. फक्त ते सिद्ध करायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती. मुलीची आई.

अडचण अशी होती की त्याच वर्षी मला दिवसपाळी मिळाली होती. जूनमध्ये सईला नाशिकच्या शाळेत घालायचं आम्ही ठरवलं होतं. सई गावच्या शाळेतून निघाली की ताईचं सदस्यत्व आपोआप संपणार होतं. मग अपिलाला अर्थच उरणार नव्हता. ताई आमच्या सातपूरच्या घरी आली ती हेच बोलायला. येताना तिनं बागेतली द्राक्षं आणली होती. ती धुऊन तिनं स्वतःच ताटलीत काढली, जणू घर तिचंच होतं.

"शुभे, सातवीपर्यंत ठेव तिला तिथं. मैदान जातंय बघ हातातून."

"मैदानासाठी ठेवू तिला?"

तिनं ताटली माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "मैदानासाठी म्हणून ठेव."

मी सईलाच विचारलं. मंगळवारी, ओट्यावर बसून. नाशिकला मोठी शाळा आहे, तिथं कॉम्प्युटर आहे, आई-बाबा आहेत, असं सगळं सांगून झाल्यावर विचारलं. "मी इथंच ऱ्हाते," ती म्हणाली आणि पुन्हा लगोरी रचायला पळाली. उत्तर द्यायला तिला विचारही करावा लागला नाही. मला ताईचा मत्सर वाटत होता. हे वाक्य भूतकाळात लिहिलं आहे. ते अचूक नाही.

नाशिकच्या शाळेचा बेत आम्ही सोडला आणि ताईच्या बाजूनं साक्ष द्यायला मी गेले. सुनावण्या मी वार्तांकनासाठी पुष्कळ ऐकल्या होत्या. या वेळी अपील ऐकणाऱ्या साहेबांच्या टेबलापुढची खुर्ची माझी होती. मागच्या बाकावर ताई आणि दाजी, पलीकडे नाना. ताईच्या वकीलबाईंनी मला विचारायला सुरुवात केली.

"मुलीला शेवटचा ताप कधी आला होता?"

"माहीत नाही."

"तिचे वर्गशिक्षक कोण?"

"माहीत नाही."

"कोणतं औषध तिला सोसत नाही?"

"माहीत नाही."

माझ्या प्रत्येक अज्ञानानं ताईची बाजू बळकट होत होती. साहेब लिहून घेत होते. नानांचे वकील हैराण झाले. त्यांना मी पक्की, जबाबदार आई हवी होते, आणि तशी आई खुर्चीत नव्हती. अखेर त्यांनीच उठून विचारलं, "बाई, आई आहात ना तुम्ही? मुलीबद्दल काहीतरी माहीत असेल!"

"झोपताना तिला कानाची पाळी धरायला लागते," मी म्हणाले.

"कोणाची?"

मागं बाकावर कुणीतरी हललं. "ताईची."

निकाल ताईच्या बाजूनं लागला. फाटकाला पुन्हा कुलूप बसलं. कचेरीच्या पायऱ्यांवर ताईनं माझा हात धरला होता आणि तो सोडवून घ्यायला मला बसची वेळ झाल्याचं सांगावं लागलं. सातवी झाल्यावर सई नाशिकला आली आणि ज्या पदासाठी दोन कचेऱ्या पालथ्या घातल्या ते पद तिच्या दप्तराबरोबर संपलं. "गेलं तर गेलं," ताई म्हणाली. "मैदान ऱ्हायलं ना." त्यानंतर सई माझ्या घरात वाढली, माझ्या हातचं जेवली, आणि बारावीनंतर मी सांगितलेल्या दोन्ही वाटा सोडून तिनं शेतकीचं शिक्षण निवडलं. फळबागा. का, हे विचारायची गरज नव्हती.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी ताईच्या घरात सुतकाचा प्रश्न निघाला. सई जमिनीवर चटई टाकून बसली होती, केस न विंचरता, आणि दहा दिवस इथून हलणार नाही म्हणत होती. ताईच्या नणंदेला ते खटकलं. त्या वाईट बाई नाहीत. रीत सांगत होत्या.

"मावशीचं सुतक भाचीला इतकं नसतं गं. आई-बाप धडधाकट असलेल्या पोरीनं असं बसू नाय. आईला अपशकुन व्हतो."

सई म्हणाली, "मी बसणार."

"शुभाताई, तुमच्याच जिवाचा सवाल हाय. तुम्हीच सांगा तिला."

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. दाजी दाराशी बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. सईनं मात्र सरळ माझ्याकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. मी काय बोलते याची वाट पाहत होती. 'मी अजून जिवंत आहे' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि रीतीप्रमाणे ते बरोबरही होतं.

"लेक म्हणून बसली आहे ती," मी म्हणाले. "बसू द्या."

या वेळी कुणी लिहून घेतलं नाही. नणंदेनं पदर सावरला आणि त्या चुलीकडे गेल्या. सईनं गुडघ्यांवर डोकं टेकलं. दहाही दिवस मी तिथंच राहिले, पाहुण्यांसारखी. तांब्या कुठं, डाळ कुठल्या डब्यात, हे सईला विचारत.

दिवसकार्य झाल्यावर सई पुण्याला परतण्याआधी दोन दिवस नाशिकला राहिली. ताई कधी बसून जेवली नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा टेकून, ताटली हातात घेऊन ती उभ्यानं जेवायची. तिथून तिला तवाही दिसायचा आणि जेवणाऱ्यांची पानंही. आमच्याकडे टेबल आहे, खुर्च्या आहेत. सईनं ताटली उचलली आणि चौकटीला जाऊन टेकली. नवऱ्यानं खुर्ची ओढली. "बस की."

"नको बाबा. इथं बरं वाटतंय."

माझ्या ताटातली भाकरी संपत आलेली तिला तिथून दिसली. न विचारता तिनं तव्यावरची उचलली, अर्धी मोडली आणि माझ्या ताटात टाकली. माझं पोट भरलं होतं. ताईनं अशी भाकरी टाकली की मी हात आडवा धरायचे, दरवेळी.

मी ती भाकरी खाल्ली. सई चौकटीत उभीच होती.