पगारी राखणदार

“राखणदाराला पगार द्यायचा आणि मागचं दार आपणच उघडं ठेवायचं, असं माझं चाललं होतं,” असं काकू एकदा म्हणाली. राखणदार म्हणजे तिच्या कंप्युटरमधला अँटीव्हायरस. दरवर्षी त्याचे पैसे भरायचे दिवस आले की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवे आणि भुणभुण लावी.

काकूचं दुकान एका खोलीचं. भिंतीशी भरतकामाचं मशीन, खिडकीखाली कंप्युटर, मधल्या जागेत शर्टांचे गठ्ठे. कुणाच्या खिशावर कंपनीचं नाव भरायचं, कुणा नर्सच्या कोटावर तिचं, मुलांच्या स्वेटरवर शाळेचं. ती आधी शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. काका पाट्या रंगवायचे. छापील फलक आले आणि पाटी रंगवून घ्यायला कुणी येईना, तेव्हा दोघांनी हे जुनं मशीन विकत घेतलं. काका कागदावर अक्षर काढत, काकू त्याचे टाके बसवून कंप्युटरवर फाइल करी. सुई कुठून शिरेल, कुठे वळेल, कापड कुठे ओढलं जाईल, हे तिचं. वळण त्यांचं, टाका तिचा. कागद मग रद्दीत. जपून ठेवायला तो काही दागिना नव्हता, आणि अक्षर तर कंप्युटरमध्ये होतंच.

काकांचं अक्षर ओळखू येई. त्याचं पोट जरा सुटलेलं, जेवून उठलेल्या माणसासारखं. काका गेले तरी ती अक्षरं ड्रायव्हरांच्या, नर्सांच्या, पोरांच्या छातीवर बसून रस्त्यातून जात राहिली. काकू कधी ओट्यावर उभी राहून नुसती येणारी-जाणारी माणसं बघत असे. मला वाटायचं, गिऱ्हाइकाची वाट बघतेय.

तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, एका कचेरीत कंप्युटरवर काम करते. तो चौकोन दिसला की तिचं तोंड सुटायचं.

“आई, इतकी वर्षं पैसे भरतेस. एकदा तरी काही पकडलं का त्यानं?”

“तुझे बाबा रोज रात्री दाराला कडी लावायचे. एकदा तरी चोर आला का?”

“अगं, कडी आता कंप्युटरबरोबरच येते. तू कडीवर कडी लावतेस.”

“लावते. माझी कडी, माझं दार.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी शर्टांच्या घड्या घालण्यात गुंग झालो. मायलेकींच्या मधे पडायची माझी छाती नव्हती.

खरी गोष्ट दोघींनाही ठाऊक नव्हती, किंवा काकू ती विसरली होती. तिचं मशीन इतकं जुनं की त्याला लहान क्षमतेचा पेनड्राइव्हच चालतो, आणि तसले आता मिळत नाहीत. गल्लीत भरतकामाची चार दुकानं. उरलेसुरले पेनड्राइव्ह या दुकानातून त्या दुकानात फिरत. कुणाचा कुठला कळावं म्हणून प्रत्येकाला रंगीत दोरा बांधलेला, काकूचा लाल. जागा कमी, म्हणून काम झालं की आतलं पुसून टाकायचं. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह लावला की राखणदार तो तपासायला बसे. तिकडे सुई थांबलेली, दारात गिऱ्हाईक उभं. एकदा तर त्यानं भरायला घेतलेली फाइलच संशयावरून उचलून नेली. त्या दिवशी काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं शोधून शोधून एक बटण काढलं आणि त्याला बजावलं, पेनड्राइव्हकडे बघायचं नाही. तेव्हापासून दोघं सुखानं नांदत होती.

मग एक गिऱ्हाईक कंपनीचं चिन्ह घेऊन आलं, स्वतःच्या पेनड्राइव्हवर. चिन्ह उघडलं. थोड्या वेळानं दुसरं काही उघडेना. फाइलींची नावं बदलली होती, आणि पडद्यावर किल्लीचे पैसे मागणारा मजकूर आला होता.

कंप्युटर दुरुस्त करणारा आला. त्यानं बराच वेळ खटपट केली आणि हात टेकले. “काकू, कुणीतरी आत शिरून सगळ्याला कुलूप घातलंय. पैसे पाठवू नका. पाठवले तरी किल्ली देतीलच असं नाही. दुसरीकडे कॉपी असेल ना?”

“आहे की.”

“कुठे?”

काकूनं त्याच कंप्युटरकडे बोट दाखवलं. “त्या दुसऱ्या कप्प्यात.”

त्यानं अँटीव्हायरस उघडून आतली यादी बघितली. “याला तुम्हीच सांगून ठेवलंय, इकडे बघू नकोस म्हणून.”

“मग मी पैसे कशाचे भरत होते?”

“डोळे झाकून बसायचे,” तो म्हणाला, आणि बोलून चुकल्यासारखी जीभ चावली.

काकू रागावली नाही. तिनं विचारलं, “फुकटातलं असतं तर?”

“तोंड बांधलं असतं तर तेही गप्प बसलं असतं. मोकळं सोडलं असतं तर बहुतेक दोघांनीही अडवलं असतं. पैशाचं घेतलं की अडल्यावर फोन करायला माणूस मिळतो, इतकाच फरक. पण तो तरी हे कुलूप कसं उघडणार?”

दुसऱ्या दिवशी नर्सांचे कोट द्यायचे होते. मशीनबरोबर आलेली तयार अक्षरं होती. सरळ, सपाट, कुणाचीच नसलेली. काकूनं त्यांत एक नाव भरलं. कोट दिव्यापाशी धरला. मग उसवणी घेऊन टाका टाका उसवायला बसली. मी म्हणालो, “काकू, नर्सला काय कळणार आहे?” तिनं मान वर केली नाही. “मला कळतंय ना.”

त्या वेळी मला उमजलं की त्या ओट्यावरून ती कुणाची वाट बघत असे.

आणि तेव्हाच समोरचा दारात येऊन उभा राहिला.

समोरचा म्हणजे समोरचा भरतकामवाला. काकांचा एके काळचा दोस्त. काकूनं त्याचं नाव टाकलं होतं. काका आजारी असताना तो फुलांची एक नक्षी न्यायला लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह घेऊन गेला, आणि न विचारता त्यावर तेव्हा असलेली सगळी अक्षरंही उतरवून घेतली. पुढे कधीतरी एका अनोळखी ड्रायव्हरच्या छातीवर काकूला ते सुटलेलं पोट दिसलं. शर्ट आपल्या दुकानातला नव्हता. भर रस्त्यात तिनं समोरच्याला चोर म्हटलं, आणि तेव्हापासून दोन्ही दुकानांमधून फक्त मशीनच बोलत.

तो आत आला नाही. निळा दोरा बांधलेला पेनड्राइव्ह पुढे करून म्हणाला, “वहिनी, चोरीचा माल परत आणलाय.”

काकू उठली. पेनड्राइव्ह घेतला, पण लावला नाही. खबर ऐकून आलेल्या ताईच्या हातात दिला. “आधी तपास.”

“अजून विश्वास नाही का माझ्यावर?”

“काका, तुमच्यावर आहे,” ताई म्हणाली, “पेनड्राइव्हवर नाही.”

तो मोठ्यानं हसला. ताईनं पुसून नव्यानं लावलेल्या कंप्युटरवर, त्याच्याबरोबर आलेल्या फुकटातल्या राखणदाराकडून पेनड्राइव्ह तपासून घेतला. मशीन थांबलेलं होतं. काकू या वेळी थांबली.

अक्षरं सगळी होती. एक तर काकूकडेही नव्हतं. काकांनी नंतर एका अक्षराचं पोट आवळलं होतं; समोरच्याकडे आधीचं, मोठ्या पोटाचं राहिलेलं. काकू त्याच्याकडे बघत राहिली. “हे मीच बदलायला लावलं होतं ह्यांना,” ती म्हणाली. “दोरा फार खातंय म्हणून.” नर्सांच्या कोटांवर तिनं तेच भरलं. दोरा खाल्ला तर खाऊ दे, म्हणाली.

पैसे भरायचा चौकोन आता नव्हता. तरी वर्षाचे ते पैसे तिनं बाजूला काढले, तेव्हा ताई धास्तावली.

“आई, पुन्हा?”

“तुझी कडी पुरे. बटणाला मी हात लावायची नाही, आणि ते अपडेट का काय मागतं, तेही देईन. तुमच्या कचेरीत शंभर माणसं शंभर दारं उघडतात, तिथे पगारी ठेवा. माझं एक दार. ते मलाच सांभाळायला पाहिजे.”

त्या पैशांत थोडी भर घालून तिनं दोन हार्डडिस्क आणल्या. सगळी नक्षी, सगळी अक्षरं दोन्हींवर उतरवली. एक कपाटात गेली, कंप्युटरपासून सुटी. दुसरीला तिनं लाल दोरा बांधला, आणि मला म्हणाली, “चल.”

रस्ता ओलांडून आम्ही समोरच्याच्या दुकानात शिरलो. इतक्या वर्षांत तिनं तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. त्यानं मशीन थांबवलं. काकूनं डिस्क त्याच्या टेबलावर ठेवली.

“हे काय, वहिनी?” त्यानं दोरा बघितला, डिस्क उचलली आणि हळूच परत ठेवली. “सगळं? माझ्याकडे? चोराकडे?”

काकू मशीनकडे बघत होती. चौकटीत ताणलेल्या निळ्या शर्टावर एक नाव अर्धं भरून झालं होतं, काकांच्या अक्षरात. शेवटच्या अक्षराच्या पोटाशी एक दोरा लोंबत होता. तिनं त्याची कात्री घेतली, दोरा कापडालगत कापला, वरून अंगठा फिरवला. कात्री जागेवर ठेवली आणि बाहेर पडली.