चुलीचा निरोप घेणारे मलकप्पा

मलकप्पा मिस्त्री कामावर आले की हत्यारं दाराबाहेर ठेवत आणि प्यायला पाणी मागत. अर्धा तांब्या पिऊन उरलेलं पाणी जी भिंत पाडायची तिच्या बुडाशी ओतत, तिच्यावर तळवा टेकवत आणि हलकेच म्हणत, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. दमलेल्या माणसाला घरी जा म्हणावं तसा तो शब्द त्यांच्या तोंडून येई. मग ते नुसते उभे राहत. कधी दोन मिनिटं, कधी बराच वेळ. शेजारच्या घरात तर एकदा हात काढून घेतला आणि "आज न्हाय म्हनती" एवढंच बोलून कुंभारीला, आपल्या गावी, परत गेले होते. सकाळी येऊन त्यांनी पुन्हा पाणी मागितलं.

उंच, खांद्यात वाकलेले, चुन्याने तळवे भेगाळलेले. सोलापुरात तेव्हा घरोघरी गॅसचे नंबर लागत होते आणि बायकांना उभ्याने स्वयंपाक करायला ओटे हवे होते. आमच्या नवी पेठेच्या मागच्या गल्लीत या कामाला मलकप्पांशिवाय दुसरं नाव निघत नसे. कारण चुलीबाबतचा त्यांचा नेम. घरातल्या थोरल्या बाईने आपल्या हाताने चुलीतला विस्तव काढून शेगडीत नेल्याशिवाय ते चुलीला हात लावत नसत. "भिंत काय, परत बांधता येती," ते म्हणत. "चुलीचं तसं न्हाय. तिला कुटं जायाचं ते दावावं लागतं."

आमच्याकडे काम निघालं तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. सरपणाच्या खोलीची भिंत काढून स्वयंपाकघर वाढवायचं, नवी खिडकी पाडायची, ओटा घालायचा, खाली शहाबादी फरशी. सासूबाईंनी सगळ्याला होकार दिला, पण चूल कोपऱ्यात राहील आणि वेळ आली की मीच विस्तव काढीन, असं बजावलं. ती चूल त्यांनी कधी विझू दिली नव्हती. रोज संध्याकाळी निखारे राखेत पुरायच्या आणि पहाटे फुंकर घालायच्या. त्यांची बहीण आजारी पडली म्हणून त्या बार्शीला गेल्या, तेव्हा मला एवढंच सांगून गेल्या, की सकाळ-संध्याकाळ एक गोवरी घालत जा.

मी पहिल्याच दिवशी चुलीत पाणी ओतलं. धुराने डोळे जात होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. डोळे खरंच चुरचुरत. पण ती चूल तिथे होती तोवर ते स्वयंपाकघर त्यांचं होतं, हे त्याहून खरं.

तीन दिवसांनी भिंत पडली. खोलीत पहिल्यांदाच दुपारचं ऊन आलं आणि मी मलकप्पांना म्हणाले, आता चूलही काढून टाका. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"अव्वांनी इस्तू काढला का?"

"हो. बार्शीला जायच्या आधीच."

त्यांनी चुलीवर तळवा ठेवला आणि चटकन उचलला. "वैनी, ही गार न्हाय."

मी हात लावून पाहिला. थंडगार. आतली राख तर अजून ओली होती. ऊन लागलं असेल, मी म्हणाले. कोपऱ्यात ऊन पोचलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उरलेलं पाणी चुलीवर ओतलं, आणि तापल्या तव्यावर पडावं तसा चर्र आवाज झाला. तो मीही ऐकला. त्यांनी साकु म्हटलं, या वेळी वाट न पाहता, आणि पहार उचलली. ढेकळं घमेल्यात घेताना ते हाताला ओलं पोतं गुंडाळून घेत होते.

सासूबाई परतल्या तेव्हा ओट्याचा गिलावा चालू होता. त्या उंबऱ्यातच थांबल्या. कोपरा पाहिला आणि कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच विचारलं. मी खिडकीची चौकट धरून उभी होते. मलकप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि थापी खाली ठेवली.

"चुकी माजी, अव्वा. इचारायचं ऱ्हायलं."

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नकोस, म्हणाल्या. मात्र देवळात ही गोष्ट त्यांनी चार बायकांना सांगितली आणि महिनाभरात आमच्या पेठेत मलकप्पांना कुणी चुलीजवळ उभं करीना. नेम मोडलेला गवंडी. ओट्यांच्या त्या दिवसांत त्यांची सायकल गल्लीत दिसेनाशी झाली.

फरशी बसली. ओटा चांगला झाला. पण कोपऱ्यातली एक फरशी कधी गार पडेना. माघातल्या पहाटे सगळी जमीन पाय बधिर करी आणि मांजर नेमकं तिथे येऊन झोपे. संध्याकाळी सासूबाई त्या फरशीपाशी बसत आणि रिकाम्या हाताने तिच्यावर काहीतरी सारत. निखाऱ्यांवर राख ओढावी तसं. हे त्यांना म्हणत, आई, काय करतेस? त्या म्हणत, काही नाही रे, झाकून ठेवते. मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. दीड वर्षाने त्या गेल्या.

त्यांचं सगळं आटोपल्यावर मी माहेरी जाते सांगून कुंभारीला गेले. मलकप्पा दुसऱ्याच्या शेतात बांधाचे दगड रचत होते. मला पाहून त्यांनी हात झटकले, सावलीत बसवलं, घरच्या सगळ्यांची विचारपूस केली. मी एका दमात सांगून टाकलं, की चूल मी विझवली आणि तुमच्याशी खोटं बोलले.

"ठावं हाय की."

"मग मोडलीत कशाला?"

"माजा हात एक सांगत व्हता आन मी तुमचं ऐकलं. तेवडी माजी चूक."

मग आईंना खरं का नाही सांगितलं, मी विचारलं. ते थोडे हसले. "सुनेला त्याच घरात ऱ्हायाचं असतंय, वैनी. मी काय, सायकलवर बसून जातो."

मला रडू आलं. ते थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग विचारलं, "घरी सांगितलं का सायबांना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग मला सांगून काय उपेग?" असं म्हणून ते बांधाकडे वळले.

पुढच्याच उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. हे जेवत होते. म्हणाले, मोठा कारागीर होता, पण आईला न विचारता चूल मोडायला नको होती त्याने. मी यांच्या ताटात भाकरी वाढली आणि आमटी हवी का, विचारलं.

त्याला आता पंचवीस वर्षं झाली. मलकप्पांचं नाव निघालं की हे अजूनही तेच वाक्य बोलतात, मुलांनाही तेच ठाऊक आहे, आणि दर वेळी मी काहीतरी वाढायला उठते. तोंडाने सांगायला कितीदा बसले, जमलं नाही. म्हणून हे लिहून यांच्या चष्म्याखाली ठेवते आहे. मलकप्पांनी विचारलं होतं. आधी मला, मग चुलीला. दोघींपैकी खोटं मी बोलले.